दोन गोळ्या, एक कागद: बाळंतिणीच्या मेंदूतल्या गुठळीनंतरच्या फिटचं प्रकरण

पहिली फिट आली ती बारशाच्या दिवशी. माहेरच्या सोप्यात पाळणा बांधून झाला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, बायका जमायला लागल्या होत्या. बाळंतीण भिंतीला टेकून द्रोणात घुगऱ्या भरत होती. उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. आधी तिला वाटलं, हात अवघडलाय. मग अंगठ्यामागून मनगट, मनगटामागून कोपर, तोंडाची उजवी कड, आणि मिनिटाभरात सगळं अंग. द्रोण उपडा झाला. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली, मामाने दातखीळ उघडायला चमचा घातला. चमच्याने समोरचा अर्धा दात गेला, तो आजही तसाच आहे.

वय २६, पहिलं बाळंतपण, नॉर्मल. मूळ काम शिवणाचं: ब्लाउज, पिको-फॉल. गाव सांगलीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदललेत. आजाराचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवलाय, कारण या प्रकरणात जे काही शिकण्यासारखं आहे ते त्या क्रमातच आहे.

डोकं आठव्या दिवसापासून दुखत होतं. आडवं झालं की जास्त, पहाटे सगळ्यात जास्त, खोकताना कवटी उकलतेय असं. घरात त्याचं निदान झालं होतं: वारं लागलं. म्हणून कान आणखी घट्ट बांधले, खोलीची खिडकी बंद केली, शेगडी वाढवली. पाणी मात्र मोजून, कारण बाळंतिणीने पाणी प्यायलं की पोट सुटतं, असं आजीचं म्हणणं. मे महिना होता. मी या आज्यांना नावं ठेवायला बसलेलो नाही. त्यांनी शेकानं आणि डिंकाच्या लाडवांनी पुष्कळ बायकांना उभं केलंय. पण बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे बाईचं रक्त मुळातच गोठायला उतावीळ असतं. प्रसूतीच्या वेळी रक्त वाहून जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ती तजवीज असते. त्यात अंगातलं पाणी आटलं, हिमोग्लोबिन कमी असलं, तर ती तजवीज अंगावर उलटू शकते. हिचं हिमोग्लोबिन ८.२ होतं.

तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतिणीची फिट म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिलं गेलं. त्यात त्यांची चूक नाही. बाळंतपणाच्या आगेमागे फिट आली की एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे रक्तदाब वाढून येणाऱ्या फिटचा, विचार पहिला करायचा, असंच आम्ही सगळे शिकलो. पण रक्तदाब १२८/८४ होता, लघवीत प्रथिन नव्हतं, डोकं चार दिवस आधीपासून दुखत होतं आणि फिट एका अंगठ्यातून सुरू झाली होती. ही शेवटची गोष्ट कुणी विचारलीच नव्हती. ती मला नणंदेने सांगितली, तीही तिसऱ्यांदा खोदून विचारल्यावर. फिट सुरू कुठून झाली हे पाहणारा माणूस सहसा घाबरलेला असतो. त्याला शेवट आठवतो, सुरुवात नाही. अंगठ्यापासून सुरू होणारी फिट म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका ठरावीक पट्टीकडे दाखवलेलं बोट. एक्लॅम्प्सियात असं बोट क्वचितच दिसतं.

दुसरी फिट १०८च्या गाडीत आली. आमच्याकडे पोचली तेव्हा शुद्धीवर होती, पण उजव्या हाताने बाळ धरता येत नव्हतं.

साध्या सीटी स्कॅनमध्ये डावीकडे, माथ्याजवळ, साधारण अडीच सेंटिमीटरचा रक्तस्राव आणि भोवती सूज. रक्तस्रावाची जागा कुठल्याही धमनीच्या हद्दीत बसत नव्हती, आणि अशी जागा दिसली की शिरांकडे बघायचं असतं. एमआरआय आणि व्हेनोग्राम, म्हणजे शिरांचं चित्र, केला. मेंदूच्या माथ्यावरून पुढून मागे जाणारी मोठी शीर, म्हणजे सुपीरियर सॅजायटल सायनस, मधल्या भागात बंद होती. तिला येऊन मिळणारी डावीकडची एक पृष्ठभागावरची शीरही गुठळीने भरलेली. सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस, म्हणजे मेंदूच्या शिरेतली गुठळी. एक सांगायला हवं: या आजारात साधा सीटी बऱ्याच वेळा नॉर्मल येतो. 'सीटी चांगला आहे, घरी जा' म्हणून परत गेलेल्या बायका मी पाहिल्यात.

वडील ऊस लावणारे. त्यांना मी पाटाचं उदाहरण दिलं. खाली पाटात अडसर पडला की वरच्या सऱ्या तुंबतात, आणि फार तुंबल्या की बांध फुटतो. मेंदूतलं रक्त आत नेणाऱ्या नळ्या चांगल्या आहेत. बाहेर काढणारा पाट अडलाय. जो रक्तस्राव दिसतोय तो फुटलेला बांध आहे. ते एवढंच म्हणाले, "मग अडसर काढायचा का पाणी थांबवायचं?" सगळ्या उपचाराचा पेच त्या एका वाक्यात होता. मेंदूत रक्त सांडलेलं असताना रक्त पातळ करायचं औषध द्यायचं, हे नव्या डॉक्टरलाही पचत नाही. पण या आजारात ते धाडस म्हणून नव्हे, तर नियम म्हणून देतात. १९९१ साली जर्मनीतल्या एका छोट्या चाचणीत फक्त २० रुग्ण होते, १० जणांना हेपरिन, १० जणांना नाही. हेपरिनच्या गटात ८ जण पूर्ण बरे झाले आणि एकही दगावला नाही; दुसऱ्या गटात तिघे गेले, पूर्ण बरा झाला एकच. चाचणी मध्येच थांबवावी लागली. हेपरिन मिळालेल्यांपैकी काहींच्या मेंदूत आधीच रक्तस्राव होता. तेव्हापासून अडथळा काढा, बांध आपोआप सावरेल, असा हिशोब आहे. वडिलांना तो लगेच पटला. मुलीच्या नवऱ्याला, तो पदवीधर, पटवायला अर्धा तास लागला.

हेपरिनची इंजेक्शनं वजनाप्रमाणे दिवसातून दोनदा सुरू केली. शिरेतून पाणी. आणि फिटसाठी लेव्हेटिरासेटाम: आधी शिरेतून मोठा डोस, मग सकाळ-संध्याकाळ गोळी.

या आजारात फिट इतकी का येते, हे थोडं थांबून बघू. धमनी बंद होऊन पक्षाघात होतो तेव्हा सुरुवातीच्या दिवसांत फिट येणाऱ्यांचं प्रमाण थोडं असतं, शंभरात मोजके जण. शिरेच्या गुठळीत तिघांतल्या एकाला, किंवा त्याहून जास्त. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ६२४ रुग्ण होते. त्यातल्या ३९ टक्क्यांना निदान होईपर्यंतच फिट येऊन गेली होती. बाळंतिणींमध्ये प्रमाण याहून वर जातं. याचं कारण जागेत आहे. तुंबलेलं रक्त, सूज, बारीक रक्तस्राव हे सगळं मेंदूच्या पृष्ठभागावर, सालीत होतं. आणि फिट ही सालीतूनच निघते. म्हणून कुणाला जोखीम जास्त हे चित्रावरूनच थोडंफार कळतं: रक्तस्राव किंवा सूज असलेले, पृष्ठभागावरची शीर बंद झालेले, माथ्यावरची मोठी शीर बंद असलेले, हातापायात कमजोरी असलेले. नुसतीच डोकेदुखी आणि मेंदूत कुठेही डाग नाही, अशा रुग्णाला ती कमी. हिच्या बाबतीत चारही गोष्टी जमल्या होत्या.

त्याच ६२४ जणांच्या माहितीतला एक आकडा मी विद्यार्थ्यांना नेहमी फळ्यावर लिहून दाखवतो. मेंदूच्या वरच्या भागात डाग आहे आणि सुरुवातीलाच फिट आली आहे, अशांपैकी ज्यांना फिटचं औषध सुरू केलं त्या १४८ जणांत पुढच्या दोन आठवड्यांत पुन्हा फिट आली एकाला. औषध न दिलेल्या ४७ जणांत २५ जणांना. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे; औषध कुणाला द्यायचं हे डॉक्टरांनी आपापलं ठरवलं होतं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण एवढी मोठी दरी नुसत्या योगायोगाने पडत नाही. म्हणून डाग आणि फिट दोन्ही असेल तर औषध सुरू करा, यावर आज फारसा वाद नाही. फिट आलीच नसेल तर नुसत्या भीतीपोटी सगळ्यांना औषध द्या, असं मात्र कुणी म्हणत नाही.

वाद आहे तो पुढचा: द्यायचं किती दिवस?

कुठलंही पुस्तक उघडा, 'ठरावीक काळ' असं लिहिलेलं मिळेल. तीन महिने, सहा महिने, वर्ष. प्रत्येक युनिटची आपापली सवय. गोंधळ असा की आपण एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टींना हाक मारतो. पहिल्या आठवडाभरात येते ती तुंबलेल्या, सुजलेल्या मेंदूची फिट. सूज उतरली की कारण उतरतं. या फिटमुळे माणूस मिरगीचा रुग्ण ठरत नाही. महिन्यांनी येते ती वेगळीच: जुन्या रक्तातलं लोह सालीत मुरलेलं असतं, तिथे व्रण बनलेला असतो, आणि तो व्रण आता स्वतःच फिट तयार करायला शिकलेला असतो. पहिली म्हणजे उतू गेलेलं दूध. दुसरी म्हणजे भांड्यालाच गेलेली भेग.

दुसरी किती जणांना येते? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या ११२७ रुग्णांच्या अभ्यासात सरासरी दोन वर्षांच्या पाठपुराव्यात ११ टक्क्यांना. म्हणजे दहातल्या जवळपास नऊ जणांना नाही. हे मी घरच्यांना पहिल्यांदा सांगतो, कारण 'मेंदूत गुठळी' म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात आयुष्यभराच्या फिट गृहीत धरलेल्या असतात. पण ११ हा सगळ्यांचा मिळून आकडा आहे. सुरुवातीला फिट आलेली, रक्तस्राव झालेला, सुरुवातीच्या फिट एकामागून एक न थांबता चाललेल्या, कवटीचा तुकडा काढायची शस्त्रक्रिया लागलेली, मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेलं: या वाटेने धोका चढत जातो. याच गोष्टींना वय जोडून आता डायास-३ नावाची गुणमोजणीही केली जाते. आमच्या बाईकडे यातल्या दोन गोष्टी होत्या. सरासरीपेक्षा वर, पण टोकाला नाही.

हे मला तेव्हाही माहीत होतं. नवव्या दिवशी डिस्चार्ज देताना मी कागदावर लिहिलं काय? वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी), लेव्हेटिरासेटाम, लोह, ब-१२. आणि चौघांच्या पुढे एक मोठा कंस करून: ६ महिने.

ब-१२ खूप कमी निघालं होतं, होमोसिस्टीन वाढलेलं. घर शाकाहारी, माळकरी. शाकाहारी घरांत ही कमतरता किती सर्रास आहे हे पुण्यातल्या संशोधकांनी दाखवून दिलंय; वाढलेलं होमोसिस्टीन गुठळीला हातभार लावतं. आणखी एक गोष्ट मी त्या वयाच्या प्रत्येक बाईला विचारतो: पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गौरी-गणपती, लग्न, तीर्थयात्रा आली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या. श्रावण-भाद्रपदात शिरेच्या गुठळीच्या बायका आल्या की आमच्याकडे हा प्रश्न पहिला असतो. हिने घेतल्या नव्हत्या. बाळंतपण, उन्हाळा, रक्तक्षय आणि ब-१२, एवढी कारणं पुरेशी होती.

दूध पाजायचं का, हा सासूबाईंचा पहिला प्रश्न. पाजायचं. वॉरफरिन दुधात जवळजवळ उतरत नाही. लेव्हेटिरासेटाम उतरतं, पण तेवढ्याने बाळाचं सहसा काही बिघडत नाही. बाळ फार झोपाळू वाटलं तर दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या, ज्यांना आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासावं लागत नाही, त्या सोयीच्या खऱ्या, पण पाजणाऱ्या आईला आम्ही देत नाही. फिटचं दुसरं औषध फेनिटॉइन स्वस्त आणि हाताशी असतं. पण ते वॉरफरिनशी भांडतं, आयएनआर वरखाली होत राहतो. व्हॅल्प्रोएट हे तिसरं औषध या वयाच्या बाईला, पुढच्या बाळाचा विचार करून, नकोच. म्हणून लेव्हेटिरासेटाम. या औषधाची एक वाईट खोड आहे, तिच्याकडे मी पुढे येतो. तेव्हा यायला हवं होतं.

फिट आली तर काय करायचं हे नणंदेला करून दाखवलं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या पुढे गेली तर १०८. बाळाला न्हाऊ घालायचं नाही, निदान एकटीने तर नाहीच. आपल्याकडे पाटावर बसून, पाय पसरून, पायांवर बाळ घेऊन न्हाऊ घालतात. त्या पायांना झटका आला तर काय होईल, हे मी सांगायच्या आधीच आईने तोंडावर हात ठेवला.

सहा महिन्यांनी आली ती चालत, बाळ कडेवर, उजव्या कडेवर. व्हेनोग्राममध्ये मोठी शीर पूर्ण मोकळी झालेली. मी खूश झालो. ओपीडीत त्या दिवशी सत्तरएक पेशंट होते, तरी मी स्क्रीन फिरवून नवऱ्याला पाट दाखवला. म्हणालो, "रक्त पातळ करायची गोळी आता बंद." कागदावर वॉरफरिन खोडलं आणि खाली आम्ही सगळे जे लिहितो ते लिहिलं: सी.टी. ऑल. म्हणजे बाकीचं आहे तसं चालू. ज्या पानावर सीटी स्कॅनचा रिपोर्ट जोडलाय त्याच पानावर. तिच्या दिराने त्याचा अर्थ 'सगळा सीटी करा' असा लावला आणि दोन दिवस खर्चाची चिंता केली, हे मला फार नंतर कळलं. डिस्चार्जच्या कागदावरचा तो कंस आणि सहा महिने होतेच. दोन्ही गोळ्या बंद झाल्या.

साडेसातव्या महिन्यात, मशीनवर बसलेली असताना, अंगठा. तोच. या वेळी तिने ओळखला. कापड सोडलं, मोटरचं बटन बंद केलं, जमिनीवर येऊन बसली आणि नणंदेला हाक मारली. एवढं होईपर्यंत शुद्ध होती. पूर्ण फिट दोन मिनिटांची. कांदा नाही, चप्पल नाही, चमचा नाही. नणंदेने मोबाइलवर चित्रण केलं, आणि त्यात सुरुवात होती. मला इतक्या वर्षांत एवढं उपयोगी चित्रण फार कमी वेळा मिळालंय.

अशा वेळी पहिला प्रश्न 'औषध का सोडलं' हा नव्हे. पहिला प्रश्न: नवी गुठळी आहे का? वॉरफरिन बंद होऊन सहा आठवडे झालेले. एमआरआय, व्हेनोग्राम त्याच दिवशी. शिरा मोकळ्या. जुन्या रक्तस्रावाच्या जागी, लोह दाखवणाऱ्या चित्रात, काळा डाग. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, डाव्या बाजूला त्याच भागात टोकदार लहरी. म्हणजे पाट वाहता होता. भेग भांड्याला होती.

आता शब्द बदलला. आंतरराष्ट्रीय मिरगी संघटनेने २०१४ साली व्याख्या सोपी केली: एकच फिट, पण पुढच्या दहा वर्षांत पुन्हा यायची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास किंवा वर, तर तिला मिरगी म्हणा, दुसरीची वाट बघू नका. पक्षाघातानंतरच्या फिटचा अमेरिकेतला एक जुना हिशोब यामागे आहे. पहिल्या आठवड्यात फिट आलेल्यांना दहा वर्षांत पुन्हा यायची शक्यता ३३ टक्के. उशिरा, विनाकारण आलेल्यांना ७१ टक्क्यांच्या वर. मेंदूतली जखम तशीच, फिट तशीच. फरक फक्त ती कधी आली याचा. शिरेच्या गुठळीच्या त्या ११२७ जणांच्या अभ्यासातही, एकदा उशिराची फिट आल्यावर औषध चालू असतानाही ७० टक्क्यांना पुन्हा आली. म्हणून आता तीन-सहा महिन्यांची भाषा नाही. निदान दोन वर्षं बिनफिटची जायला हवीत, मग विचार.

हे सांगताना सासूबाई मध्येच म्हणाल्या, "म्हंजे मिरगीच की ओ ही." त्यांचा आवाज खाली गेला. खोलीत एकदम कुणी बोलेना. मी म्हणालो, व्हय, मिरगीच. पण ही जन्माची नव्हे, बाळंतपणाची जखम आहे, आणि तुमच्या नातवाला लागणारी नव्हे. मिरगी हे कारण दाखवून लग्न रद्द करायची वाट हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली काढून टाकली आहे, हे मी नवऱ्याकडे बघून सांगितलं. त्याच्या मनात तसं काही नसावं. तरी सांगितलं. आपल्याकडे कधी कधी कायदा आधी बदलतो आणि चुलीपाशी बातमी वीस वर्षांनी पोचते.

मग मी तो कागद काढला, तो कंस, ते सी.टी. ऑल, आणि घरच्यांसमोर म्हणालो की चूक माझी. दोन गोळ्यांची दोन कारणं होती, दोन मुदती होत्या, आणि मी त्या एका कंसात बांधल्या. सगळे समजूतदारपणे मान हलवत होते. ती बाळाच्या टोपीची नाडी सोडत-बांधत होती. मला वाटलं, प्रकरण कळलं.

कळलं नव्हतं. दोन आठवड्यांनी ती आईबरोबर आली आणि आईला बाहेर बसवलं. म्हणाली, "डॉक्टर, मला कळलं होतं. नणंदबाईंनी वाचून सांगितलं होतं की फिटची चालू ठेवायची. मीच बंद केली."

का?

"त्या गोळीने मी माझी राहत नाही." सासूवर ताट भिरकावलं होतं. रात्री बाळ रडलं की त्याला गादीवर जरा जोरात ठेवलं होतं, एकदा. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. गोळी बंद केल्यावर चार दिवसांत डोकं शांत झालं, आणि तिने ठरवलं की फिट परवडली.

लेव्हेटिरासेटामची ती वाईट खोड हीच. काही माणसांना त्याने चिडचिड होते, कधी राग अनावर होतो, कधी उदासी. औषधाच्या पाकिटातल्या कागदावर हे छापलेलं असतं. बाळंतिणीत ही गोष्ट आणखी अवघड होते, कारण बाळंतपणानंतरची उदासी, झोपेचा खडखडाट, आजारपणाचा धक्का आणि गोळी, या चौघांतलं कोण बोलतंय हे बाहेरून कळत नाही. घरचे म्हणतात, आई झाल्यावर बिघडली. आम्ही विचारतो, फिट आली का, हात कसा आहे, आयएनआर किती. सहा महिन्यांत पाच वेळा ती माझ्यासमोर बसली होती. मी एकदाही विचारलं नाही की राग येतो का. कंसाची चूक मी मोठ्या मनाने कबूल केली खरी, पण तिची गोळी बंद झाली होती दुसऱ्याच चुकीने.

औषध बदललं. लॅमोट्रिजिन: ते हळूहळूच चढवावं लागतं, घाई केली तर अंगावर पुरळ, कधी भयानक पुरळ. म्हणून सहा-आठ आठवडे दोन्ही औषधं बरोबरीने, एक वर, एक खाली. या काळात दोन डोस चुकले आणि अंगठा एकदा पुन्हा उडाला, वीसेक सेकंद, शुद्ध गेली नाही. त्यानंतर नाही. गोळीचं पान सासूबाई सांभाळतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सकाळी एक रेघ, रात्री एक रेघ, एकादशीला चतुर्थीलाही. पूर्वी 'मिरगी' शब्द उच्चारताना आवाज खाली जायचा. आता त्या मला फोनवर दरडावून विचारतात की औषधाच्या दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली ती चालेल का.

पुढच्या बाळाचं विचारणं होणारच होतं. होऊ शकतं. आधी गुठळी झालेल्या बहुतेक बायकांची पुढची बाळंतपणं सुखरूप होतात. मात्र त्या काळात आणि नंतरचे सहा आठवडे हेपरिनची इंजेक्शनं, आणि लॅमोट्रिजिनचं प्रमाण वरचेवर बघायचं, कारण गरोदरपणात ते रक्तात झपाट्याने कमी होतं. तोवर तांबी. इस्ट्रोजेन असलेली कुठलीही गोळी आयुष्यात नको. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एनसुद्धा नको, आणि गौरीच्या वेळची ती 'पुढे ढकलायची' तर अजिबात नको. हे मी जावेलाही सांगितलं, कारण गोळ्या आणून देणारी सहसा जाऊच असते.

बाळ वर्षाचं होऊन गेल्यावर ती आली ती एकच प्रश्न घेऊन: मशीनवर बसू का? लग्नसराई तोंडावर आली होती, पंधरा ब्लाउज बोलून ठेवलेले. मी म्हणालो, बसा ताई, पण मोटर काढा, पायाचं मशीन चालवा, आणि घरात कुणीतरी असताना. अंगठा उडाला तर कापड सोडायचं, खाली बसायचं. "ते मला येतंय," ती म्हणाली.

मी कागद लिहिला. आता कंस नाही, एका ओळीत एक औषध: काय, किती, कशासाठी. वर-खाली चार बोटं जागा सोडून. तिने तो हातात घेतला, शिवणाचं माप तपासावं तसं बोट ओळीवरून फिरवत मोठ्याने वाचला, आणि परत माझ्या टेबलावर ठेवला.

"कधीपर्यंत ते लिवायचं राहिलं."